मार्शल आक्रमण आणि कापाब्लांका–मार्शल डाव (१९१८)

मार्शल आक्रमण : बुद्धिबळातील ‘रुई लोपेझ’ या जुन्या व प्रतिष्ठित सुरुवातीची एक शाखा. या शाखेत काळी मोहरी घेऊन खेळणारा खेळाडू आठव्या खेळीत मध्यभागातील एका प्याद्याचा बळी देऊ करतो आणि त्याच्या मोबदल्यात पांढऱ्या राजावर आक्रमण उभारतो. अमेरिकन बुद्धिबळपटू फ्रँक जेम्स मार्शल याने २३ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्क येथील स्पर्धेत क्यूबाचा होसे राऊल कापाब्लांका याच्याविरुद्ध या पद्धतीचा अवलंब केला. त्या डावामुळे ही शाखा सर्वत्र प्रसिद्धीस आली व तिला मार्शलचे नाव मिळाले. तो डाव मात्र मार्शल हरला. ज्या डावात प्रवर्तकाचा पराभव झाला, त्याच डावामुळे त्याचे नाव एका सुरुवातीशी कायमचे जोडले जावे, असे बुद्धिबळाच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. घरी बसून केलेली पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष पटासमोर केलेला विचार यांच्या झुंजीचे उदाहरण म्हणूनही या डावाचा अभ्यास आजतागायत केला जातो.

दोन प्रतिस्पर्धी : मार्शल (१० ऑगस्ट १८७७–९ नोव्हेंबर १९४४) हा न्यूयॉर्क येथे जन्मला. धाडसी बळी, अनपेक्षित चढाया आणि हरत चाललेला डावही फिरविण्याचे कसब यांबद्दल त्याची ख्याती होती. १९१२ मध्ये ब्रेस्लौ येथील स्पर्धेत लेव्हिट्स्की या रशियन खेळाडूविरुद्ध त्याने आपला वजीर तीन निरनिराळ्या प्रकारे मारता येईल अशा घरात ठेवून डाव जिंकला. तो डाव आजही बुद्धिबळाच्या संग्रहांतून आवर्जून दिला जातो. १९०९ पासून १९३६ पर्यंत अमेरिकेचे अजिंक्यपद त्याच्याकडे होते. न्यूयॉर्कमध्ये त्याने १९१५ मध्ये स्थापन केलेला बुद्धिबळ क्लब त्याच्याच नावाने ओळखला जातो. तथापि दीर्घ सामन्यांत त्याला अव्वल प्रतिस्पर्ध्यांपुढे टिकाव धरता येत नसे. १९०७ मध्ये जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याच्याविरुद्धच्या सामन्यात त्याला एकही डाव जिंकता आला नाही व आठ डाव गमवावे लागले.

कापाब्लांका (१९ नोव्हेंबर १८८८–८ मार्च १९४२) हा हाव्हाना येथे जन्मला. मार्शलहून तो अकरा वर्षांनी लहान होता. त्याचा खेळ मार्शलच्या खेळाच्या अगदी उलट प्रकृतीचा होता. साधी, स्वच्छ मांडणी, अचूक पारख आणि डावाच्या अंतिम टप्प्यातील असामान्य प्रभुत्व ही त्याची वैशिष्ट्ये होत. १९०९ मध्ये या दोघांचा सामना झाला, तेव्हा कापाब्लांका वीस वर्षांचा व आंतरराष्ट्रीय क्षेत्रात जवळजवळ अपरिचित होता. त्याने त्या सामन्यात आठ डाव जिंकले, एक गमावला व चौदा बरोबरीत सोडविले. या निकालाने बुद्धिबळाच्या जगात खळबळ उडाली. पुढे १९२१ मध्ये लास्करला हरवून कापाब्लांका जगज्जेता झाला. फेब्रुवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्क येथे ऑस्कर चायेस याच्याविरुद्ध झालेल्या पराभवानंतर मार्च १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, स्पर्धात्मक खेळात तो एकही डाव हरला नाही. १९१८ चा प्रस्तुत डाव या अपराजित कालखंडातील आहे. त्या आठ वर्षांत त्याला सर्वाधिक धोक्यातून जावे लागले अशा डावांत याची गणना होते.

स्पर्धेची पार्श्वभूमी : १९१८ च्या शरद ऋतूत पहिले महायुद्ध संपत आले होते. युद्धामुळे यूरोपातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जवळजवळ बंद पडल्या होत्या आणि अनेक खेळाडू आपापल्या देशांत अडकून पडले होते. अशा परिस्थितीत न्यूयॉर्क येथे सात खेळाडूंची दुहेरी साखळी स्पर्धा भरविण्यात आली. कापाब्लांका आणि मार्शल यांच्याखेरीज सर्बियाचा बोरिस्लाव कॉस्तिच, दावीद यानोव्हस्की, चायेस इ. खेळाडू तीत होते. प्रत्येकाला बारा डाव खेळावयाचे होते. स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत कापाब्लांका व मार्शल यांची गाठ पडली. पांढरी मोहरी कापाब्लांकाकडे होती.

सुरुवातीचे स्वरूप : रुई लोपेझ ही सुरुवात सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाने ओळखली जाते. त्याने १५६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळविषयक ग्रंथात तिचे विवेचन केले होते. मात्र तिचा उल्लेख त्यापूर्वीच्या, पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या गटिंगेन हस्तलिखितातही आढळतो. पुढील वर्णनासाठी पटावरील उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच ही अक्षरे व आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ हे अंक दिलेले आहेत असे समजावे.

दोन्ही बाजूंनी राजापुढील प्यादी दोन-दोन घरे पुढे सरतात. पांढरा आपला घोडा एफ३ वर आणून काळ्याच्या ई५ वरील प्याद्यावर हल्ला करतो व काळा सी६ वर घोडा आणून त्या प्याद्याला जोर देतो. तिसऱ्या खेळीत पांढरा आपला उंट बी५ वर आणून त्या संरक्षक घोड्यावरच दाब आणतो. हीच रुई लोपेझ सुरुवात होय. काळा ए६ या प्याद्याच्या खेळीने उंटाला मागे हटवितो. यानंतर काळ्याचा दुसरा घोडा एफ६ वर व उंट ई७ वर येतो. पांढरा किल्लेकोट करतो व आपला हत्ती ई१ वर आणतो. काळा बी५ हे प्यादे सारून पांढऱ्या उंटाला बी३ वर पाठवितो व स्वतःही राजाच्या बाजूला किल्लेकोट करतो. आठव्या खेळीत पांढरा सी३ हे प्यादे सारतो. पुढे डी४ वर प्यादे आणून मध्यभाग व्यापण्याची ही तयारी असते.

या ठिकाणापर्यंतच्या खेळ्या १९१८ मध्येही सर्वपरिचित होत्या. काळ्याची रूढ पद्धत म्हणजे वजिरापुढील प्यादे डी६ वर एकच घर सारून ई५ च्या प्याद्याला भक्कम जोर देणे. यातून संथ व दीर्घ डाव निर्माण होतो आणि त्यात पांढऱ्याचे किंचित वर्चस्व राहते. मार्शल आक्रमणात काळा तेच प्यादे दोन घरे सारून डी५ वर आणतो. पांढरा ई४ च्या प्याद्याने ते प्यादे मारतो व काळा घोड्याने परत मारतो. यामुळे ई५ वरील काळ्या प्याद्याचा आधार ढिला होतो आणि पांढरा घोडा ते मारू शकतो. घोड्यांची मारामारी होऊन अकराव्या खेळीअखेर पांढऱ्याचा हत्ती ई५ वर येतो व त्याच्याजवळ एक प्यादे अधिक होते.

या बळीमागील तर्क पटाची स्थिती पाहिल्यास ध्यानात येतो. सी३ हे घर पांढऱ्याच्याच प्याद्याने अडविल्यामुळे त्याच्या वजिराच्या बाजूच्या घोड्याला त्याचे स्वाभाविक घर उरत नाही. पांढऱ्याचा तो घोडा, एक उंट, एक हत्ती व वजीर ही चारही मोहरी अद्याप मूळ घरांत असतात. राजाचे रक्षण करणारा एफ३ वरील घोडा मारामारीत नाहीसा झालेला असतो. ई५ वर एकटा पुढे आलेला हत्ती काळ्याच्या मोहऱ्यांना आयते लक्ष्य पुरवितो. काळ्याचे दोन्ही उंट मात्र राजाच्या दिशेने रोखता येतात. एक प्यादे देऊन काळा दोन-तीन खेळ्यांचा वेळ मिळवितो आणि तो वेळ राजावरील आक्रमणासाठी वापरतो, असे या पद्धतीचे सार सांगता येईल.

डावाचा वृत्तांत : कापाब्लांकाने आपल्या बुद्धिबळाची मूलतत्त्वे सांगणाऱ्या, १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या डावावर टीपा दिल्या आहेत. प्रतिस्पर्ध्याने ही चढाई आधीच तयार करून आणली आहे, हे आपल्याला पटासमोरच उमगले होते, असे तो सांगतो. बळी न स्वीकारता सुरक्षित मार्ग धरणे त्याला शक्य होते. पण आपल्या पारखेला व कौशल्याला दिलेले हे आव्हान आहे असे वाटून त्याने ते स्वीकारण्याचे ठरविले. प्यादे मारल्यानंतर आपल्याला प्रखर हल्ल्याला तोंड द्यावे लागेल, याची त्याला पूर्ण कल्पना होती.

अकराव्या खेळीत मार्शलने डी५ वरील घोडा एफ६ वर मागे घेतला. कापाब्लांकाने हत्ती ई१ वर परत नेला. काळा उंट डी६ वर आला व त्याचा रोख पांढऱ्या राजापुढील एच२ या प्याद्यावर पडला. तेराव्या खेळीत पांढऱ्याने एच३ हे प्यादे सारताच मार्शलने आपला घोडा त्या प्याद्याच्या माऱ्यात, जी४ वर, आणून ठेवला. तो मारल्यास काळा वजीर एच४ वर येऊन उघड्या पडलेल्या राजावर निर्णायक हल्ला करू शकला असता. कापाब्लांकाने घोडा न मारता आपला वजीर एफ३ वर आणला. मार्शलचा वजीर एच४ वर आला. यानंतर पांढऱ्याने डी४ हे प्यादे सारले. या एका खेळीने मध्यभाग त्याच्या ताब्यात आला आणि सी१ वरील उंटाची वाट मोकळी झाली.

पंधराव्या खेळीत मार्शलने घोड्याने एफ२ वरील प्यादे मारले. पांढऱ्या वजिराने तो घोडा मारणे दिसावयास सोपे होते. परंतु तसे केले असते, तर काळ्या उंटाने प्रथम एच२ वर शह देऊन राजाला एफ१ वर रेटले असते व लगेच जी३ वर येऊन वजिरावर व ई१ वरील हत्तीवर एकदम हल्ला केला असता. कापाब्लांकाने हा सापळा ओळखला आणि हत्ती ई२ वर नेला. मार्शलने दुसरा उंट जी४ वर आणून आणखी एक बळी देऊ केला. पांढऱ्या प्याद्याने तो मारला. मग काळ्या उंटाने एच२ वर शह दिला, राजा एफ१ वर सरला, उंट जी३ वर आला, पांढऱ्या हत्तीने एफ२ वरील घोडा मारला, काळ्या वजिराने एच१ वर जाऊन शह दिला आणि राजा ई२ वर बाहेर पडला. काळ्या उंटाने एफ२ वरील हत्ती मारला.

या चकमकीच्या अखेरीस हिशेब असा होता : पांढऱ्याने एक हत्ती दिला होता व त्याच्या मोबदल्यात एक घोडा आणि एक उंट मिळविला होता. मोहऱ्यांच्या मोलाने पांढरा वरचढ होता. पण त्याचा राजा पटाच्या मध्यभागी उघड्यावर आला होता, वजिराच्या बाजूचे हत्ती व घोडा जागचे हललेले नव्हते आणि काळ्याचे दोन्ही हत्ती, वजीर व उंट त्या राजाच्या मागावर होते. एक चुकीची खेळी झाली असती, तरी डाव संपला असता.

कापाब्लांकाने उंट डी२ वर आणला, एच३ वर वजीर नेऊन वजिरांची अदलाबदल देऊ केली व काळ्याने ती टाळताच राजाला डी३ व तेथून सी२ असे सरळ चालवत नेले. सी२ या घरात राजाभोवती त्याच्याच मोहऱ्यांची व प्याद्यांची तटबंदी उभी राहिली. जी मोहरी अविकसित म्हणून दुर्बल वाटत होती, तीच आता राजाचा कोट बनली. त्या घोड्याची पहिली खेळी बत्तिसावी आणि त्या हत्तीची एकतिसावी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या बचावाचे वैशिष्ट्य कळते. उलटपक्षी काळ्याचा वजीर पंचविसाव्या खेळीत जी१ वर गेला, तो डाव संपेपर्यंत तेथून हलला नाही. चढाईत सर्वांत पुढे गेलेले मोहरे अखेर लढाईपासून सर्वांत दूर राहिले.

यानंतर डावाची दिशा उलटली. कापाब्लांकाने उंट डी५ या मध्यवर्ती घरात आणला आणि वजिराच्या बाजूची प्यादी पुढे सारण्यास प्रारंभ केला. बी४, ए४ अशा खेळ्यांनी ए ओळ उघडली. पांढऱ्याचा हत्ती प्रथमच हलला, तो सरळ ए६ वर शत्रूच्या मुलखात. एक मुक्त प्यादे बी६ व तेथून बी७ वर पोहोचले. ते रोखण्याचे साधन काळ्याजवळ उरले नाही. छत्तिसाव्या खेळीत पांढऱ्या उंटाने एफ७ वरील प्यादे मारून शह दिला. त्यानंतर काही खेळ्यांतच मात होणार होती व ती टाळण्याचा उपाय नव्हता. तेथेच डाव संपला. कापाब्लांकाने ही स्पर्धा बारापैकी साडेदहा गुण मिळवून जिंकली. कॉस्तिच नऊ गुणांनी दुसरा व मार्शल सात गुणांनी तिसरा आला.

दंतकथा आणि पुरावा : या डावाशी एक कथा निगडित झालेली आहे. १९०९ मधील पराभवाचे शल्य मनात ठेवून मार्शलने हे आक्रमण गुप्तपणे तयार केले आणि योग्य संधीची वाट पाहत जवळजवळ नऊ वर्षे ते केवळ कापाब्लांकासाठी राखून ठेवले, अशी ती कथा आहे. अनेक पुस्तकांतून ती पुनःपुन्हा सांगितली गेली. तिचे आकर्षण उघड आहे : अपमानित वीर, दीर्घ प्रतीक्षा, गुप्त शस्त्र आणि अखेर शत्रूच्या प्रतिभेपुढे ते निष्फळ ठरणे, असे नाट्याचे सर्व घटक तीत आहेत.

उपलब्ध डावांचा विचार केल्यास मात्र ही कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. १९०९ नंतर या दोघांच्या पटावर अनेक वेळा गाठी पडल्या आणि हे आक्रमण वापरण्याच्या संधी मार्शलने सोडून दिल्या. शिवाय १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे वॉल्टर फ्रेर याच्याविरुद्ध त्याने याच कल्पनेचा जवळचा प्रकार खेळून पाहिला होता. म्हणजे शस्त्र पूर्णपणे गुप्त नव्हते. कल्पनाही सर्वस्वी मार्शलची म्हणता येत नाही. कार्ल वालब्रोट या जर्मन खेळाडूने १८९३ मध्ये हाव्हाना येथे अनेक खेळाडूंनी मिळून त्याच्याविरुद्ध खेळलेल्या एका डावात असाच प्यादे-बळी दिला होता. मार्शलचे श्रेय वेगळ्या स्वरूपाचे आहे. त्याने एका विखुरलेल्या कल्पनेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्या काळातील सर्वांत अभेद्य मानल्या जाणाऱ्या खेळाडूविरुद्ध, महत्त्वाच्या स्पर्धेत, ती पणाला लावण्याचे धैर्य दाखविले. पूर्वतयारी झाली होती हे निश्चित आहे. कापाब्लांकानेही ते पटावरच ओळखले होते. वाद आहे तो केवळ नऊ वर्षांच्या प्रतीक्षेबद्दल.

पराभवानंतरचा विकास : या निकालानंतर हे आक्रमण पुढे कोणी वापरणार नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तसे घडले नाही. डावाच्या बारकाईने केलेल्या विश्लेषणातून असे दिसून आले, की दोष बळीच्या कल्पनेत नसून अकराव्या खेळीत घोडा एफ६ वर मागे घेण्यात होता. तो घोडा डी५ याच मध्यवर्ती घरात ठेवून सी६ या प्याद्याने त्याला जोर दिला, तर काळ्याची स्थिती अधिक भक्कम राहते. यानंतर काळा उंट डी६ वर व वजीर एच४ वर आणतो. पांढऱ्याला जी३ हे प्यादे सारून राजापुढील तटबंदी स्वतःच खिळखिळी करावी लागते आणि काळा वजीर एच३ वर येऊन त्या छिद्रांवर नजर ठेवतो. हीच मांडणी पुढे मार्शल आक्रमणाची मुख्य शाखा ठरली.

या नव्या रूपात आक्रमणाचा स्वभावही पालटला. मार्शलने त्याचा उपयोग थेट मात करण्याच्या ईर्षेने केला होता. पुढील पिढ्यांना असे आढळून आले, की काळ्याचा दाब इतका टिकाऊ असतो, की पांढऱ्याला अधिकचे प्यादे राखून ठेवूनही जिंकणे कठीण जाते. १९६५ मध्ये तिबिलिसी येथे आव्हानवीर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बोरिस स्पास्कीने मिखाइल तालविरुद्ध हे आक्रमण बचावाचे साधन म्हणून वापरले. आक्रमक खेळासाठी विख्यात असलेल्या तालला त्याविरुद्ध बरोबरी पतकरावी लागली आणि तो सामना स्पास्कीने सात विरुद्ध चार गुणांनी जिंकला. पुढील काळात मायकेल ॲडम्स, प्योत्र स्विडलर, लेव्हॉन आरोनियन इ. अग्रगण्य खेळाडूंनी त्याचा नियमित अवलंब केला.

या आक्रमणाची धास्ती किती होती, हे ते टाळण्यासाठी निघालेल्या वाटांवरून कळते. आठव्या खेळीत सी३ ऐवजी ए४, एच३ किंवा डी३ अशी प्याद्याची खेळी करून पांढरा डी५ या चढाईतील जोर काढून घेतो. या खेळ्यांना ‘मार्शलविरोधी’ पद्धती असे एकत्रित नाव पडले आहे. जगज्जेत्या गॅरी कास्पारॉव्हने १९९३ मध्ये लंडन येथे नायजेल शॉर्टविरुद्धच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात आठव्या खेळीत ए४ खेळून हाच मार्ग धरला. ज्या शाखेचा पहिला प्रसिद्ध डाव पराभवात संपला, ती टाळण्यासाठी जगज्जेत्याने वाट बदलावी, यात तिच्या सामर्थ्याची पावती आहे.

ब्रिसागो येथील डाव (२००४) : १९१८ च्या प्रसंगाला नव्या काळात एक प्रत्युत्तर मिळाले. स्वित्झर्लंडमधील ब्रिसागो येथे २००४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्ह्लादिमीर क्रामनिक व हंगेरीचा पेटर लेको यांच्यात जागतिक अजिंक्यपदाचा चौदा डावांचा सामना झाला. त्यातील आठव्या डावात क्रामनिककडे पांढरी मोहरी होती. लेकोने मार्शल आक्रमण स्वीकारले. या वेळी पूर्वतयारी पांढऱ्याची होती. क्रामनिकच्या पथकाने संगणकाच्या साहाय्याने ही शाखा तपासली होती. तीत पांढरा आपला वजीर देऊन हत्ती घेतो व ए ओळीवरील मुक्त प्याद्याच्या बळावर जिंकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. क्रामनिकने चोविसाव्या खेळीत त्याप्रमाणे वजीर दिला व पुढच्याच खेळीत त्याचे प्यादे ए६ वर पोहोचले. वजीर होण्यास त्याला दोनच घरे उरली होती.

लेकोने पटासमोर दीर्घ विचार करून वजीर डी३ वर आणला. पांढऱ्याच्या तयारीत या खेळीची योग्य दखल घेतली गेली नव्हती. पुढच्याच खेळीत त्याने एफ३ वरील प्याद्यावर उंटाचा बळी दिला. पांढऱ्या राजावर हल्ला होऊन ए१ वरील हत्तीही काळ्याच्या हाती लागला. पांढरे प्यादे ए७ पर्यंत पोहोचले, पण वजीर होऊ शकले नाही व बत्तिसाव्या खेळीनंतर क्रामनिकने डाव सोडला. या विजयाने लेकोने सामन्यात आघाडी मिळविली. अखेरचा डाव जिंकून क्रामनिकने सात-सात गुणांची बरोबरी साधली व अजिंक्यपद राखले. १९१८ मध्ये पांढऱ्याचे मुक्त प्यादे सातव्या ओळीवर पोहोचून विजयी ठरले होते. २००४ मध्ये तसेच प्यादे एका घराने कमी पडले. दोन्ही वेळी मात्र तयारी घेऊन आलेला खेळाडू हरला आणि अनोळखी स्थितीत स्वतःच्या बुद्धीने वाट शोधणारा जिंकला.

महत्त्व : या डावाचा इतिहास दोन प्रकारे उद्बोधक आहे. पहिला बोध पूर्वतयारीच्या मर्यादेसंबंधी आहे. तयारीमुळे प्रतिस्पर्ध्यापुढे कठीण प्रश्न उभे करता येतात. तथापि पटावरील प्रत्येक स्थितीचे उत्तर आधी ठरविता येत नाही. मार्शलच्या तयारीतील प्रत्येक धमकी खरी होती. कापाब्लांकाने प्रत्येक ठिकाणी एकमेव किंवा जवळजवळ एकमेव योग्य खेळी शोधली. संगणकाने सुरुवातींच्या अभ्यासाचा व्याप कितीतरी पटींनी वाढविल्यानंतरही हा प्रश्न मिटलेला नाही, हे ब्रिसागो येथील डावाने दाखविले.

दुसरा बोध डावाचा निकाल आणि कल्पनेचे मूल्य यांच्या संबंधाचा आहे. बुद्धिबळात गुणफलक जय-पराजयाची नोंद करतो. पण हरलेल्या डावातील विचार त्या निकालाबरोबर संपतोच असे नाही. मार्शलने १९३६ मध्ये अमेरिकेचे अजिंक्यपद आपण होऊन सोडले. त्याच्या नेतृत्वाखाली अमेरिकन संघाने १९३१ ते १९३७ या काळात चार बुद्धिबळ ऑलिंपियाडांत प्रथम क्रमांक मिळविला. तरीही त्याचे नाव जगभरच्या खेळाडूंच्या तोंडी दररोज येते, ते मुख्यतः एका हरलेल्या डावामुळे. कापाब्लांकाने त्या दिवशी डाव जिंकला. त्याच डावातून मार्शलची कल्पना पुढील पिढ्यांच्या हाती गेली, त्यांनी तिच्यातील दोष काढून टाकला आणि शंभराहून अधिक वर्षांनंतरही रुई लोपेझ सुरुवातीतील काळ्याच्या विश्वसनीय मार्गांत तिचे स्थान अबाधित राहिले आहे.